जुनी फाइल म्हणजे नक्की किती जुनी? शेल स्क्रिप्ट, तारखा आणि भरत चाललेली डिस्क

आजचा भाग जरा टर्मिनलवाला आहे. बसमध्ये किंवा लोकलमध्ये ऐकत असाल तर कमांड पाठ करायच्या भानगडीत पडू नका, मागचं लॉजिक तेवढं पकडा. कमांड खाली लिहून ठेवल्यात, मी बोललो तशाच. कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

विषय असा. एक सर्व्हर आहे, ८० जीबी डिस्कचा. त्यावर चालणारं ॲप रोज एक लॉग फाइल लिहितं, साधारण ९०० एमबीची. कोण लॉगिन झालं, कुणाचं पेमेंट अडकलं, कुठली एरर आली, सगळं त्यात. गणित करा: ९० दिवसांत ८१ जीबी. म्हणजे तीन महिने व्हायच्या आधीच डिस्क फुल. आणि डिस्क फुल झाली की फक्त लॉग थांबत नाही, डेटाबेसलाही लिहायला जागा उरत नाही. ॲप बंद पडतं, आणि ते बहुतेक वेळा रात्रीच पडतं.

मग जुने लॉग उडवून टाकायचे ना? इथेच गोची आहे. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांना आपल्या सिस्टिमचे लॉग मागच्या १८० दिवसांचे सांभाळून ठेवावे लागतात. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, असंही त्यातच आहे. आता चार महिन्यांपूर्वी कुणी सर्व्हरमध्ये घुसलं होतं का हे शोधायचंय आणि तुम्ही लॉग ३० दिवसांनी उडवताय, तर शोधणार कशात?

म्हणून कॉम्प्रेस. टेक्स्ट लॉग जीझिपने बऱ्याचदा दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतात. शेवटचे ७ दिवस तसेच ठेवले तर सुमारे सव्वासहा जीबी, उरलेले १७३ दिवस दाबून ठेवले तर सुमारे साडेपंधरा जीबी. मिळून २२. तीच ८० जीबीची डिस्क एकदम ऐसपैस वाटायला लागते.

जीझिप १९९२ साली आलं. ज्याँ-लू गेली आणि मार्क ॲडलर या दोघांचं काम. आतली आयडिया सोपी आहे: एकच मजकूर पुन्हा आला की तो परत लिहायचा नाही, 'मागे अमुक ठिकाणी आहे तेच, इतकी अक्षरं' एवढीच खूण ठेवायची. शिवाय वारंवार येणाऱ्या गोष्टींना छोटे कोड द्यायचे. लॉगमध्ये तर प्रत्येक ओळ सारखीच असते, वेळ आणि युजर नंबर तेवढा बदलतो. म्हणून इतका फरक पडतो. तुमच्या फोनमधले फोटो आणि व्हिडिओ मात्र जीझिपने जवळजवळ काहीच कमी होत नाहीत, कारण जेपेग आणि एमपी-फोर आधीच कॉम्प्रेस झालेले असतात. पिळलेल्या उसाचा चोथा परत चरकात घातल्यासारखं. 'फोनची जागा वाचवा, सगळं झिप करा' असं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

आता खरा मुद्दा. इंटरनेटवरच्या तयार स्क्रिप्टमध्ये साधारण एकच ओळ असते: ३० दिवसांपेक्षा जुन्या फाइली शोध आणि जीझिप कर. कॉम्प्रेस करणं त्यातलं सोपं काम. अवघड शब्द आहे 'जुन्या'.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन तारखा असतात. एटाइम म्हणजे शेवटची कधी वाचली. एमटाइम म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी बदलला. आणि सीटाइम. हा 'सी' म्हणजे क्रिएट असं कितीतरी जण समजतात, इंटरव्ह्यूमध्येसुद्धा ठोकून सांगतात. पण तो चेंज आहे. फाइलचं नाव, मालक, परवानग्या, काहीही बदललं की सीटाइम बदलतो. फाइल जन्माला कधी आली हे सीटाइम सांगत नाही. एटाइमवरही विसंबू नका. २००९ पासून लिनक्स प्रत्येक वाचनाला तो अपडेट करत नाही, डिस्कवरचा भार वाचवायला.

उरला एमटाइम. लॉगसाठी तो बरा. फाइंड कमांडला तो कळतो:

फाइंड /व्हार/लॉग/शॉप -टाइप एफ -नेम '*.लॉग' -एमटाइम +७ -प्रिंट

अर्थ: या फोल्डरमध्ये, फक्त फाइली, नावाच्या शेवटी डॉट लॉग, ७ पेक्षा जास्त दिवस जुन्या, त्यांची नावं दाखव. पण हे 'अधिक ७' जरा फसवं आहे. फाइंड वय २४-२४ तासांच्या तुकड्यांत मोजतं आणि अपूर्णांक सोडून देतं. ७ दिवस २३ तासांची फाइल त्याच्या हिशोबात ७ दिवसांची, ७ पेक्षा जास्त नाही. म्हणजे 'अधिक ७' म्हटलं की कमीत कमी पूर्ण ८ दिवस झालेल्या फाइलीच येतात. पूर्ण आठवडा झालेल्या हव्या असतील तर 'अधिक ६' लिहायचं. लॉगसाठी एका दिवसाने आभाळ कोसळत नाही. पण हीच ओळ डिलीटसाठी वापरणार असाल तर माहिती असलेली बरी.

एमटाइमची दुसरी भानगड जास्त त्रासाची. एका कंपनीत मी पाहिलेली गोष्ट सांगतो. बाहेरच्या टीमने जुना सर्व्हर नव्यावर हलवला. फाइली साध्या सीपी कमांडने कॉपी केल्या, 'डॅश पी' न देता. सीपीला डॅश पी दिलं नाही तर नव्या फाइलीवर कॉपी केल्याची वेळ पडते. झालं, पाच महिन्यांचे लॉग एका दुपारीत 'आजचे' झाले. स्क्रिप्ट रोज रात्री चालायची, 'जुनं काही नाही' म्हणून गप झोपायची. कुठेही एरर नाही. डिस्क भरत राहिली. सगळ्यांनी तिसऱ्या आठवड्यात पाहिलं ते ९४ टक्के.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तारीख फाइलच्या नावात असू दे. कॉपी करा, हलवा, पेन ड्राइव्हवर न्या, नाव तेच राहतं. आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आपल्याकडे १४-०३-२०२५ लिहायची सवय आहे, पण कॉम्प्युटर नावं डावीकडून लावतो. दिवस पुढे ठेवला की जानेवारीची १ तारीख, फेब्रुवारीची १ तारीख, मार्चची १ तारीख अशी खिचडी होते. २०२५-०३-१४ लिहिलं की नावाचा क्रम हाच तारखेचा क्रम. आयएसओ ८६०१ हे स्टँडर्ड १९८८ पासून हेच सांगतंय. शिवाय मधल्या रेघा काढल्या की २०२५०३१४ हा सरळ आठ आकडी नंबर मिळतो, आणि शेलला दोन नंबरांत लहान कोणता हे विचारणं एकदम सोपं.

तुलनेसाठीची तारीख डेट कमांड काढून देते: डेट, डॅश डी, '७ डेज एगो', आणि पुढे वर्ष-महिना-दिवसाचा फॉरमॅट. हे लिनक्सवर. मॅकवर हीच कमांड चालत नाही, तिथे 'डॅश व्ही, वजा ७ डी' लागतं. मॅकवर लिहून सर्व्हरवर टाकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

टाइमझोनचंही बघा. बरेच सर्व्हर यूटीसीवर असतात. आपल्याकडे १४ तारखेची पहाट, ३ वाजलेत, तर सर्व्हरवर अजून १३ तारीख, रात्रीचे साडेनऊ. ग्राहक म्हणतो '१४ तारखेला पैसे कटले', तुम्ही १४ चा लॉग उघडता आणि त्यात काहीच नाही. तो १३ च्या फाइलीत बसलेला असतो.

आता 'जुनी'चा तिसरा अर्थ: जिचं काम संपलंय ती. फाइल जुनी दिसते, पण एखादा प्रोग्रॅम अजून ती उघडून बसलाय, असं होऊ शकतं. जीझिप नवी डॉट जीझेड फाइल बनवतं आणि मूळ फाइल काढून टाकतं. पण लिनक्समध्ये नाव काढलं तरी ज्याने फाइल उघडून ठेवलीय तो त्याच जागेवर लिहीत राहतो. कुणालाही न दिसणाऱ्या फाइलीत! तो प्रोग्रॅम बंद झाला की त्या ओळी कायमच्या गेल्या. आणि तोवर डिस्कची जागाही सुटत नाही. डीयू सांगतं फोल्डर छोटा झाला, डीएफ सांगतं डिस्क तेवढीच भरलीय, आणि आपण दोघांच्या मध्ये डोकं धरून बसतो. अशा वेळी 'एलएसओएफ +एल१' ही कमांड नाव उडालेल्या पण उघड्या असलेल्या फाइली दाखवते.

यावर उपाय म्हणजे कॉम्प्रेस करण्याआधी 'फ्यूजर -एस' आणि फाइलचं नाव, असं विचारायचं. कुणी वापरत असेल तर फाइल आज सोडून द्यायची, उद्या बघू. फक्त हे रूट म्हणून चालवा, नाहीतर दुसऱ्या युजरचे प्रोग्रॅम त्याला दिसतीलच असं नाही.

सगळं जोडलं की स्क्रिप्ट अशी होते. फाइंड नावं देतं. त्यातही 'प्रिंट-झीरो' वापरा, नाहीतर 'मार्च बॅकअप' अशा स्पेस असलेल्या नावाचे दोन तुकडे होतात. प्रत्येक नावातून आठ आकडे काढायचे, आकडे सापडलेच नाहीत तर त्या फाइलीला हात लावायचा नाही. तारीख सीमेच्या आधीची आहे का बघायचं. कुणी उघडलीय का बघायचं. मग 'जीझिप -के', म्हणजे मूळ फाइल राहू दे. मग 'जीझिप -टी', म्हणजे बनलेली फाइल धड आहे का तपास. ती पास झाली तरच मूळ फाइल आरएम करायची. साधं जीझिप मूळ फाइल स्वतःच काढतं, बहुतेक वेळा काही बिघडत नाही, पण १८० दिवस ज्याची जबाबदारी आपली आहे तिथे मला हा एक जास्तीचा टप्पा हवा असतो.

पहिल्या दिवशी मात्र जीझिप आणि आरएमच्या जागी नुसतं 'इको' ठेवा. कोणत्या फाइली निवडल्या जातायत ते डोळ्यांनी बघा. यादीत कालची फाइल दिसली तर तिथेच थांबा.

एक गंमत बघा: कॉम्प्रेस करायलाही जागा लागते. मूळ आणि नवी फाइल काही वेळ सोबत असतात. डिस्क १०० टक्के भरल्यावर 'आता कॉम्प्रेस करू' म्हणालात तर जीझिपला लिहायलाच जागा नसते. त्यामुळे ८० टक्क्यांनाच अलर्ट लावा.

रोज आपोआप चालवायला क्रॉन. 'शून्य २ * * *' म्हणजे रोज २ वाजता. सर्व्हर यूटीसीवर असेल तर हे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात, नेमकी लोकं ॲप उघडायला लागतात ती वेळ. आपली रात्री २ ची वेळ हवी तर तिथे २०:३० लावा. डेटचा फॉरमॅट थेट क्रॉनच्या ओळीत लिहू नका. क्रॉन टक्क्याचं चिन्ह 'इथे ओळ संपली' असं वाचतो आणि कमांड अर्धवट तुटते. स्क्रिप्टच्या फाइलीत लिहिलं की ही कटकट नाही. आधीचा रन संपायच्या आत दुसरा सुरू होऊ नये म्हणून पुढे 'एफलॉक -एन' लावा, आणि बाकीचं काम अडू नये म्हणून 'नाइस'.

१८० दिवसांनंतर डिलीट करायचं तर ती स्क्रिप्ट वेगळी ठेवा, आणि सीमा १८० नाही, १९० ठेवा. जीझिप मूळ फाइलचा एमटाइम डॉट जीझेडलाही देतं, त्यामुळे तो खरा असेल तर दोन्ही अटी लावता येतात: नावातली तारीखही जुनी आणि एमटाइमही जुना, तरच डिलीट. सर्व्हर हलवताना एमटाइम नवा पडला असेल तर फाइल उडत नाही, जास्त दिवस राहते. डिलीटच्या बाबतीत मला चूक त्याच बाजूला झालेली चालते.

दाबून ठेवलेल्या लॉगमध्ये शोधायला ते उलगडावे लागत नाहीत. 'झेड-ग्रेप', ऑर्डर नंबर, आणि त्या महिन्याच्या डॉट जीझेड फाइली. थोडं सावकाश चालतं, पण चालतं.

तुम्ही म्हणाल लॉगरोटेट नावाचं तयार टूल हेच करतं की! करतं, आणि एकाच मशीनवरच्या साध्या लॉगसाठी तेच वापरा. त्यात 'डिले-कॉम्प्रेस' हा पर्याय आहे तो उघड्या फाइलीच्या भानगडीसाठीच: आज फिरवलेली फाइल पुढच्या फेरीला कॉम्प्रेस होते. पण रिपोर्ट, एक्सपोर्ट, डेटाबेसचे डंप असं तारखेच्या नावाचं बाकीचं सामान साठत असेल तर स्वतःची स्क्रिप्ट बरी.

सर्व्हर नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स टाका, फाइंड आणि जीझिप दोन्ही चालतात. व्हॉट्सॲपचे फोटो 'आयएमजी' आणि पुढे आठ आकडी तारीख अशा नावाने सेव्ह होतात. नव्या फोनवर रिस्टोअर केलं की एमटाइम आजचा पडू शकतो, नावातली तारीख तीच राहते. ते आकडे वाचून फोटो वर्ष-महिन्याच्या फोल्डरमध्ये हलवणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून बघा. कॉम्प्रेस नका करू, का ते वर सांगितलंय. आणि पहिल्यांदा 'एमव्ही'च्या आधी 'इको' लावाच, ते आईच्या फोनमधले फोटो असतील तर दोनदा.

पुढच्या भागात क्रॉनऐवजी सिस्टमडी टायमर. भेटू!