वाचनालयांचे भवितव्य अडले दप्तरात

अहिल्यानगर - सार्वजनिक वाचनालय बंद पडते, तेव्हा 'आता वाचतो कोण?' हे कारण सर्वप्रथम पुढे केले जाते. ते अगदीच खोटे नाही. मात्र वाचक आहेत, कपाटे भरलेली आहेत, बॅंकेत थोडीफार शिल्लक आहे आणि तरीही दाराला कुलूप आहे, असेही घडते. अशा वेळी दोष बहुधा दप्तरात सापडतो. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत विश्वस्त म्हणून ज्यांची नावे आहेत, त्यांतील काही जण हयात नसतात आणि जे संस्था प्रत्यक्षात चालवतात, त्यांचे नाव कोठेच नसते.

या जिल्ह्याला वाचनालयांची परंपरा जुनी आहे. नगरच्या जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ ची. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय त्यानंतर दोन वर्षांनी, तर पुणे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये सुरू झाले. गावागावांतील आणि प्रभागांतील लहान वाचनालये या मानाने अगदी अलीकडची. व्याख्यानमाला, स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका, ज्येष्ठ नागरिकांची सायंकाळची बैठक असे सारे तेथेच चालते. ग्रंथपालाला मिळणारे तुटपुंजे मानधन सोडले, तर कार्यकारिणीतील मंडळी विनामोबदला राबतात.

पैशाची अडचण खरीच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याअन्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. २०२२-२३ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा 'ड' वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपयांवर गेले. महिन्याला चार हजार! त्यात मानधन, वीजबिल, वर्तमानपत्रे आणि नवी पुस्तके बसवायची. वर्गणी व देणग्यांवर उरलेला गाडा ओढला जातो; पण देणगी स्वीकारायची, तरी बॅंकेचे खाते चालू हवे. घोडे नेमके येथेच अडते.

<b>बदल अर्ज कशासाठी?</b>

बहुतेक वाचनालये संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्ही कायद्यांखाली नोंदलेली असतात. दुसऱ्या कायद्याच्या कलम २२ नुसार विश्वस्तांमध्ये अथवा मालमत्तेत झालेला बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो. यालाच बदल अर्ज, किंवा कार्यकर्त्यांच्या भाषेत 'चेंज रिपोर्ट', म्हणतात. तो मंजूर झाला, की नवी नावे नोंदवहीत, म्हणजेच 'शेड्यूल वन'मध्ये, चढतात. खात्यावरील सह्या बदलायच्या असल्या, की बॅंक याच नोंदीचा उतारा मागते.

लहान संस्थांमध्ये निवडणूक खेळीमेळीत होते, इतिवृत्तही लिहिले जाते. अर्ज मात्र राहून जातो. पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक, पुन्हा तेच. मग एके दिवशी जुने चिटणीस निवर्ततात आणि धनादेशावर सही करणारा उरत नाही. मधल्या सगळ्या निवडणुकांचे अर्ज त्या वेळी क्रमाने, एकापाठोपाठ एक मंजूर करून घ्यावे लागतात. जुनी इतिवृत्ते आणि सभेच्या सूचना सापडल्या नाहीत, तर हे काम कमालीचे जिकिरीचे होते. २०१७ च्या दुरुस्तीने विलंब माफ करण्याची आणि बदल तात्पुरता स्वीकारण्याची सोय झाली. कागदच नसतील, तर तिचाही फारसा उपयोग होत नाही.

<b>जागा कोणाची?</b>

यापेक्षा गंभीर प्रश्न जागेचा. गावातील एखाद्या दानशूर गृहस्थाने शब्दावर खोली दिलेली असते. त्यांच्या हयातीत कोणी कागद मागत नाही. मागणे हा त्यांचा अपमान वाटतो. स्थावर मालमत्तेचे दान मात्र नोंदणीकृत दस्ताखेरीज कायद्याने पूर्ण होत नाही. नातवंडांच्या काळात जागेचे भाव वाढले, की तोंडी शब्दाला किंमत उरत नाही. वाचनालय समाजमंदिरात असेल, तर इमारतीची मालकी बहुधा ग्रामपंचायतीची अथवा पालिकेची असते. तेथे निदान वापराचा ठराव आणि लेखी करार हवा. संस्थेच्या स्वतःच्या मालकीची जागा तुलनेने सुरक्षित असते. ती विकण्यास, तसेच इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे संरक्षण मिळण्यासाठी ती जागा आधी संस्थेच्या नावे नोंदलेली असावी लागते, एवढेच.

कागद पूर्ण झाले, तरी माणसे लागतातच. याच जिल्ह्यातील जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केला. डॉ. मेबल १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तल्यानंतरही तो चालू राहिला. गावोगावच्या महिलांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यावर तेथे प्रथमपासून भर होता. प्रकल्पाचा आवाका मोठा, वाचनालयाचा लहान. तरी अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि किल्ली सांभाळणारा असे चारही एकच गृहस्थ असलेल्या संस्थांनी ही गोष्ट पाहण्याजोगी आहे.

वाचनालय मिटवण्याचीच वेळ आली, तर १८६० च्या कायद्यानुसार शिल्लक मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे द्यावी लागते. त्यासाठीही सभासदांचा ठराव लागतो आणि सभासद कोण, हे अद्ययावत नोंदवहीवरूनच ठरते. विश्वस्तच उरले नसतील, तर १९५० च्या कायद्याच्या कलम ४७ खाली नवीन विश्वस्त नेमण्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करता येतो. संस्थेशी हितसंबंध असलेली व्यक्ती हा अर्ज करू शकते आणि नोंदणीकृत संस्थेचा साधा सभासदही त्या व्याख्येत बसतो.