वारीची शिदोरी आणि नोकरी

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. पुण्यात एकीचा मुक्काम नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाकडे, दुसरीचा भवानी पेठेत. आमच्याकडे आजेसासूबाईंच्या काळापासून एका दिंडीला शिदोरी जाते. आता घरात सगळेच नोकरीवाले, तरी ही प्रथा मोडायची नाही, हे पक्कं आहे.

पिठलं-भाकरीचा मोह होतो, पण पावसाळी हवेत पिठलं फार लवकर आंबतं. दशमीला तोड नाही! कोमट दुधात गूळ विरघळवून, गाळून, त्यातच कणीक मळायची. पाण्याचा थेंबही नको. चमचाभर तुपाचं मोहन, किंचित मीठ, आच मंद. गुळामुळे दशमी पटकन करपते. भाजल्यावर सुती कापडावर सुट्या पसरा. गरम असताना बांधल्या की वाफ धरते आणि बुरशी येते. गार झालेली दशमी दोन दिवस छान राहते. सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी.

चटणी आदल्या रविवारी कुटून ठेवते. दशम्या ऑफिसातून आल्यावर, सगळे मिळून. मुलं कापडावर पसरतात, दीर लाटतात.

दिंडीप्रमुखांना आधी विचारा: माणसं किती, काय हवंय? योगिनी एकादशी याच सुमारास येते, तेव्हा पंचांग पाहून राजगिऱ्याचे लाडूही ठेवा. दिवे घाट चढणाऱ्यांना ते वाटेतही खाता येतात.