रेडिएटर रिकामा केला, आता थेंब का पडतात?

बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा यांच्यामुळे दिल्लीतले पहाडगंज मराठी माणसाला परके वाटत नाही. सुटी लागली की इथली कुटुंबेही सिमला-मसुरीचे बेत आखू लागतात. मे-जूनमध्ये दिल्लीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत गाडी घाटात नेण्यापूर्वी रेडिएटरमधले जुने कूलंट काढून नवे भरणे शहाणपणाचेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली हिरवे किंवा गुलाबी थेंब दिसले, की सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो.

मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी म्हणते नट आणखी आवळा, कुणी म्हणते एम-सील लावा, तर कुणी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगते. यातले काहीही करण्याआधी थेंब येतो कुठून, ते शोधा. रिकामे करण्याच्या कामानंतर सुरू झालेली गळती बहुधा त्या कामात हात लागलेल्या जागीच सापडते.

थेंब कशाचा?

थेंब बोटावर घ्या. रंगहीन, वास नसलेले पाणी असेल तर ते एअर कंडिशनरचे, त्याची काळजी नको. कूलंट रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असते. काम करताना सांडलेले कूलंट खालच्या पत्र्यावर साचून दिवसभर ठिबकू शकते. म्हणून आधी सगळे कोरडे पुसा आणि रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा.

कुठे शोधाल?

सकाळी कागदावर डाग दिसला, तर त्याच्या वरची जागा बॅटरीच्या उजेडात पाहा. पहिला संशय रेडिएटरच्या तळाशी असलेल्या ड्रेन नटवर. त्याचे रबरी वॉशर चेपलेले असते, किंवा त्याखाली कचरा अडकलेला असतो. वॉशर बदलले की काम होते. मात्र अनेक गाड्यांत हा नट प्लॅस्टिकचा असतो. जोर लावून आवळला तर आटे जातात आणि छोट्या कामाचे मोठे होते. वॉशर आणि नट काश्मिरी गेटच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात मिळू शकतात. जुना नमुना बरोबर न्या.

काही गाड्यांत ड्रेन नट नसतो, खालचा होज पाइप काढूनच कूलंट सोडतात. अशा वेळी पाइपचे तोंड आणि क्लिप तपासा. तोंडाशी साचलेला क्षार पुसून काढा आणि क्लिप पूर्वीच्याच जागी बसवा. पाइप कडक झाला असेल किंवा त्याला भेगा असतील, तर तो बदलणेच बरे.

कधी कधी थंड गाडी अजिबात गळत नाही, गरम झाल्यावरच गळते. इंजिन तापले की आत दाब वाढतो आणि बारीक फटीतूनही कूलंट बाहेर येते. अशा गळतीसाठी मेकॅनिकला हातपंपाने दाब देऊन तपासायला सांगा.

हळद का नको?

हळदीची पूड फुगून बारीक छिद्र बुजवते, म्हणून पूर्वी ड्रायव्हर ती अडचणीच्या वेळी वापरत. पण तीच पूड रेडिएटरच्या आणि हीटरच्या अरुंद नळ्यांतही अडकते. गळती थांबते, पण गाडी तापू लागते.

भरताना

कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच घ्या. घट्ट प्रकारचे असेल तर त्यात नळाचे नव्हे, डिस्टिल्ड वॉटर मिसळा. निम्मे-निम्मे मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे हिवाळ्यात पहाडातही ते उपयोगी पडते. आत अडकलेली हवा मॅन्युअलमधल्या पद्धतीने काढा, नाहीतर गळती नसतानाही गाडी तापेल. इंजिन गरम असताना टोपी कधीही उघडू नका. दाब सुटताच आतले कूलंट उसळते आणि हात-तोंड भाजते.

सगळे दुरुस्त करूनही पातळी उतरत असेल, बाहेर थेंब नसेल आणि धुराड्यातून सतत पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या. अशी गाडी चालवू नका.

गल्लीतली काळजी

कूलंटमध्ये सहसा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि मूत्रपिंडांना घातक. पहाडगंजच्या अरुंद गल्ल्यांत गाड्यांच्या आसपासच मुले खेळतात, कुत्री फिरतात. म्हणून काढलेले कूलंट उघड्या तसराळ्यात किंवा जुन्या पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, गटारातही ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर नाव लिहून गॅरेजमध्ये द्या. सांडलेले लगेच धुऊन पुसा. एखाद्या मुलाने ते प्यायल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

दुरुस्तीनंतर तीन-चार दिवस सकाळी, इंजिन थंड असताना पातळी पाहा. एखाद्या संध्याकाळी मेन बाजारच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने चालवा. पंख्याची आणि नव्या वॉशरची परीक्षा तिथेच होते. काटा मध्यावर राहिला आणि सकाळी कागद कोरडा निघाला, की खुशाल पहाडाकडे निघा.