खालच्या कक्षेतील गर्दी आणि शेतीचा सल्ला

२ सप्टेंबर २०१९ रोजी युरोपीय अवकाश संस्थेला आपल्या ‘एओलस’ उपग्रहाची कक्षा उंचवावी लागली. इंटरनेटसाठी सोडलेल्या ‘स्टारलिंक’ जाळ्यातील एका उपग्रहाशी त्याची टक्कर होण्याची शक्यता दिसत होती. एओलस हा अवकाशातून लेसरच्या साहाय्याने वाऱ्याचा वेग मोजणारा पहिला उपग्रह. त्याच्या नोंदी पुढे हवामान-अंदाजात नित्य वापरल्या गेल्या. पेरणीचा दिवस ठरविणाऱ्यास हा प्रसंग दूरचा वाटेल. परंतु अंदाज ज्या नोंदींवर उभा असतो, त्यांतील बराच भाग खालच्या कक्षेतूनच येतो.

भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ कि.मी. उंचीवर असतो, तेथून उत्तर मिळण्यास अर्धा सेकंद लागतो. स्टारलिंकचे बहुतेक उपग्रह साधारण ५५० कि.मी.वर असल्याने हा विलंब सेकंदाच्या काही शतांशांवर येतो. मात्र इतक्या जवळचा उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाआड जातो, म्हणून एका मागोमाग हजारो सोडावे लागतात. या गर्दीत भारताचाही हात आहे : २०२२ व २०२३ मध्ये इस्रोने ‘वनवेब’चे ७२ उपग्रह दोन उड्डाणांत सोडले.

मनोऱ्याची लहर न पोहोचणाऱ्या शिवारात ही सेवा उपयोगी आहे, यात शंका नाही. जॉन डिअर कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये स्टारलिंकशी करार केला, तो अमेरिका व ब्राझीलमधील अशाच शेतांसाठी. आपल्याकडील दोन-चार एकरांच्या धारकाने स्वतंत्र संच घेण्यापेक्षा शेतकरी उत्पादक कंपनीने सामायिक संच बसविणे अधिक व्यवहार्य ठरेल. संचास मोकळे आकाश आणि अखंड वीज हवी. भारनियमनाच्या गावात बॅटरीचा खर्च आधीच धरावा. हे उपग्रह पिकांची छायाचित्रे घेत नाहीत, हेही शेतकऱ्यांना सांगणे आवश्यक आहे.

जाळ्यातील उपग्रहाचे आयुष्य सुमारे ५ वर्षे. नंतर तो वातावरणात जळतो व ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण मागे ठेवतो. ओझोनवर त्यांचा परिणाम काय, याचा अभ्यास सुरू आहे. टकरीचे परिणाम याहून चिवट असतात. १० फेब्रुवारी २००९ रोजी ‘इरिडियम ३३’ आणि निकामी ‘कॉसमॉस २२५१’ सुमारे ७९० कि.मी. उंचीवर एकमेकांवर आदळले आणि हजारो तुकडे विखुरले. पिकांची वाढ व ताण दाखविणारी, दर ५ दिवसांनी विनामूल्य मिळणारी छायाचित्रे घेणारे ‘सेन्टिनेल-२’ उपग्रह फिरतात, ते ७८६ कि.मी.वर.