परसबाग
परसबाग म्हणजे घरामागील जागेत कुटुंबाच्या गरजेपुरता भाजीपाला पिकवण्याची पद्धत होय. धाराशिव जिल्ह्यातील कळंबसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात ती सांडपाण्यावरही जगवता येते. आळू, शेवगा, दोडका ही तिच्यातील नेहमीची पिके. शेतात सोयाबीनसारखे नगदी पीक वाढले की घरची भाजी विकत घ्यावी लागते आणि पीक बुडाल्यास ताटातली भाजीच आधी कमी होते.

१९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात कार्यरत झालेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने हाच विचार ‘एक एकर शेती’च्या रूपाने शेतात नेला. त्यात कुटुंबाच्या जमिनीचा एक भाग अन्नपिकांसाठी राखला जातो व तेथे काय पेरायचे, हे घरातील स्त्री ठरवते. संस्थेला २०१६ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला.