समांतर अर्थव्यवस्था आणि करचुकवेगिरी : दोन किमतींचा हिशेब

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वावरणारे काही शब्द असे आहेत की त्यांच्या अर्थाचा प्रवास हाच अर्थशास्त्राचा एक पाठ ठरतो. 'जकात' हा अरबी शब्द उर्दूत धार्मिक दानासाठी राहिला. मराठीत मात्र जुन्या दफ्तरांपासून तो मालावरील कराचा वाचक झाला आणि नगरपालिकांच्या नाक्यांवर रूढ झाला. 'हवाला' म्हणजे सोपविणे. 'हवाली करणे' आणि 'हवालदार' त्यातूनच आले. 'बेनामी' हा फारसी शब्द. 'बे' म्हणजे विना आणि 'नाम' म्हणजे नाव. आज हवाला किंवा बेनामी म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गुन्हा उभा राहतो. परंतु दुसऱ्याच्या नावाने मालमत्ता घेण्याच्या पद्धतीला प्रिव्ही कौन्सिलने १८५४ मध्येच मान्यता दिली होती. तिच्यावर बंदी आली ती १९८८ च्या कायद्याने. हुंडीसारख्या देशी भाषांतील दस्तऐवजांच्या स्थानिक रिवाजाला १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याने धक्का लावला नाही. परकीय चलनावर नियंत्रणे आली तेव्हा सीमेपलीकडचा हवाला बेकायदा ठरला. म्हणजेच पैशाला स्वतःचा रंग नसतो. तो कोणत्या नोंदीतून वगळला गेला यावर त्याचा रंग ठरतो.

समांतर अर्थव्यवस्थेविषयी वर्गात शिकविताना नेमका हाच मुद्दा निसटतो. काळा पैसा म्हणजे कोठेतरी दडविलेली नोटांची रास, अशी समजूत सर्वत्र आहे. ही समजूत अपुरी का आहे आणि तिच्यामुळे उपाय कसे चुकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनांची फोड

केंद्रीय अर्थमंत्रालयाने मे २०१२ मध्ये काढलेल्या श्वेतपत्रिकेनुसार, निर्माण होताना किंवा त्यानंतर केव्हाही शासनाला न कळविलेले उत्पन्न आणि संपत्ती म्हणजे काळा पैसा. यात लाचलुचपत, तस्करी यांसारखे मुळातच बेकायदा उत्पन्न येते. तसेच डॉक्टर, व्यापारी, कंत्राटदार यांच्या वैध व्यवसायातील, पण हिशेबात न दाखविलेले उत्पन्नही येते. दुसऱ्या प्रकारालाच आपण करचुकवेगिरी म्हणतो. कायद्याने दिलेल्या सवलती घेऊन कर कमी करणे हे करनियोजन होय. ते चुकवेगिरीत मोडत नाही.

याहून महत्त्वाचा भेद उत्पन्न आणि संपत्ती यांतील आहे. उत्पन्न हा प्रवाह आहे, संपत्ती हा साठा. काळे उत्पन्न दरवर्षी नव्याने निर्माण होते आणि त्याचा बराच भाग जमीन, सोने, व्यवसायातील भांडवल किंवा परदेशातील ठेवी यांत जाऊन बसतो. रोख नोटा हा त्या प्रवासातील एक मुक्काम असतो.

अंदाज आणि त्यांच्या मर्यादा

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९५६ मध्ये भारतातील बुडणारा प्राप्तिकर वर्षाला २०० ते ३०० कोटी रुपये असावा असे म्हटले. माजी सरन्यायाधीश के. एन. वांछू यांच्या समितीने १९७१ च्या अहवालात १९६८-६९ साठी करातून सुटलेल्या उत्पन्नाचा अंदाज १,४०० कोटी रुपये दिला. त्याच समितीचे सदस्य डी. के. रांगणेकर यांनी मात्र त्याच वर्षासाठी २,८३३ कोटींचा आकडा मांडला. राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेने १९८५ मध्ये १९८३-८४ चे काळे उत्पन्न ३१,५८४ ते ३६,७८६ कोटी, म्हणजे राष्ट्रीय उत्पादनाच्या १९ ते २१ टक्के असल्याचे सांगितले. एकाच समितीत, एकाच वर्षासाठी आकडा दुप्पट होतो, यावरून एक धडा घ्यावा. जे लपविलेले आहे त्याचे मोजमाप गृहीतकांवर अवलंबून असते. विद्यार्थ्यांना आकडा देताना तो कोणी, केव्हा आणि कशाचा दिला, हे सांगणे आवश्यक आहे.

खरेदीखतातील दोन किमती

समांतर अर्थव्यवस्था कशी चालते हे समजण्यासाठी तस्करांच्या टोळीकडे जाण्याची गरज नाही; घराचा एक साधा व्यवहार पुरतो. समजा, एका घराचा सौदा ४० लाखांना ठरला आणि खरेदीखत २५ लाखांचे झाले. उरलेले १५ लाख रोखीने दिले गेले. सहा टक्के मुद्रांक शुल्क धरल्यास खरेदीदाराचे ९० हजार वाचले. विक्रेत्याचा त्या १५ लाखांच्या नफ्यावरील कर वाचला. दोघेही खूश असतात. पण व्यवहार येथे संपत नाही. विक्रेत्याजवळचे १५ लाख आता बँकेत सहज जात नाहीत. म्हणून तोही पुढील जागा अर्धी रोखीने घेऊ पाहतो. खरेदीदार पगारदार असेल तर त्याला आपला पांढरा पैसा काळा करून द्यावा लागतो आणि बँक कर्ज देते ते बहुधा कागदावरील किमतीच्या आधारे. पुढे तो घर विकतो तेव्हा त्याची खरेदी किंमत २५ लाखच धरली जाते. अर्थात पहिल्या विक्रेत्याने चुकविलेला कर एक तर त्याच्या अंगावर येतो, नाही तर तोही पुढच्या गिऱ्हाइकाकडे रोख मागतो. साखळी अशी वाढते.

या साखळीचा फटका व्यवहारात नसलेल्यांनाही बसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला ठरविताना मुद्रांक शुल्कासाठीचे सरकारी दर आणि आसपासच्या गेल्या तीन वर्षांतील नोंदणीकृत खरेदीखतांच्या किमती पाहिल्या जातात. गावातील सर्व खते कमी किमतीची असतील, तर रस्त्यासाठी जमीन देणाऱ्या शेतकऱ्याने स्वतः कधी एक रुपयाही चुकविला नसला तरी त्याचा मोबदला घटतो. शेजाऱ्यांची काटकसर त्याला भोवते.

महाराष्ट्रात 'रेडी रेकनर', गुजरातेत 'जंत्री', मध्य प्रदेशात 'कलेक्टर गाईडलाईन', कर्नाटकात मार्गदर्शी मूल्य अशा नावांनी सरकारी किमान दर ठरविले जातात, ते ही दरी बुजविण्यासाठीच. २००२ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरासाठीही हे दर विचारात घेण्याची तरतूद केली. परंतु दर बाजाराच्या मागे पडले की दरी पुन्हा उघडते. गुजरातेतील २०११ ची जंत्री २०२३ मध्ये एकदम दुप्पट करावी लागली, ती याच कारणाने.

उपायांचा अनुभव

साठ्यावर घाव घालणारा सर्वांत मोठा उपाय म्हणजे नोटाबंदी. ती १९४६ आणि १९७८ मध्येही झाली होती. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा, म्हणजे मूल्याने सुमारे ८६ टक्के चलन, रद्द झाले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या अहवालानुसार १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी, म्हणजे ९९.३ टक्के नोटा परत आल्या. काळी संपत्ती नोटांच्या रूपात पडून असते हे गृहीतक या आकड्यापुढे टिकत नाही. १९९७ ची स्वेच्छा प्रकटीकरण योजना वेगळ्या अर्थाने सदोष होती. जो वेळेवर कर भरतो त्याला, माफीची वाट पाहणारा अधिक शहाणा, असा संदेश अशा योजनांतून मिळतो.

दरी कमी करणाऱ्या उपायांचा अनुभव तुलनेने बरा आहे. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. वरच्या शंभर रुपयांतून सव्वादोन रुपये हाती राहत. वांछू समितीने तो ७५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची शिफारस केली आणि १९९७-९८ पर्यंत तो ३० टक्क्यांवर आला. सोन्याचे उदाहरण गोवा आणि कोकण किनाऱ्याला परिचित आहे. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणानंतर देशातील आणि बाहेरील भावांतील तफावतीवर तस्करी पोसली. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२ मध्ये आयात खुली झाली, आणि त्या धंद्याचे आकर्षण घटले. २०१३ मध्ये आयातशुल्क १० टक्क्यांवर गेले तेव्हा तस्करीने पुन्हा डोके वर काढले. जुलै २०२४ मध्ये शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणण्यामागे हाही विचार होता.

दर कमी केले की सारे सुरळीत होते, असे मात्र नाही. १ जुलै २०१७ पासूनच्या वस्तू व सेवा करात विक्रेत्याने भरलेल्या कराचे श्रेय खरेदीदाराला मिळते, म्हणून खरेदीदारच पक्के बिल मागतो, ही रचना चांगली आहे. तरीही माल न हलविता नुसती बोगस बिले फाडून श्रेय लाटण्याचा नवा प्रकार तिच्यातूनच निघाला. दर, नोंद आणि तपासणी ही तिन्ही अंगे एकत्र चालावी लागतात.

असंघटित म्हणजे चुकवेगिरी नव्हे

हातगाडीवाला, शिवणकाम करणारी स्त्री, गॅरेजमधील कारागीर यांचे व्यवहार रोखीचे आणि नोंदीबाहेरचे असतात. म्हणून त्यांना करचुकवे म्हणणे चूक होय. त्यांचे उत्पन्न बहुधा करपात्र मर्यादेच्या खाली असते, आणि साबणापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीत ते अप्रत्यक्ष कर भरतच असतात. नोंद नसल्याचा तोटा त्यांनाच होतो. बँकेचे कर्ज मिळत नाही, मजुरी बुडाली तर पुरावा नसतो. नोटाबंदीत रोजगाराची झळ प्रथम याच वर्गाला लागली. आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी याच घरांतून येतात. काळ्या पैशावरील पाठ ऐकून आपले वडील गुन्हेगार आहेत असे त्यांना वाटू लागले, तर दोष शिकविण्याचा आहे.

शिक्षकांची जबाबदारी

शिक्षणक्षेत्र या प्रश्नाबाहेर नाही. प्रवेशासाठी पावतीविना देणगी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या आणि कर्नाटकात १९८४ च्या कायद्याने मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात कॅपिटेशन फी नाकारली. काही विनाअनुदानित संस्थांत पगारपत्रकावर एक आकडा आणि शिक्षकाच्या हाती दुसरा, ही पद्धतही अपरिचित नाही. खरेदीखतातील दोन किमतींसारखेच हे दोन पगार आहेत. त्यात शिक्षकाचा भविष्यनिर्वाह निधी आणि कागदावरील पगाराचा प्राप्तिकर यांचा हिशेब बिघडतो, आणि न मिळालेल्या पैशाच्या पावतीवर त्याचीच सही असते.

वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या वर्गात म्हणूनच एक छोटा उपक्रम करता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील किंवा पेठेतील सरकारी दर आणि प्रत्यक्ष बाजारभाव, कोणाचेही नाव न घेता, शेजारी शेजारी लिहावेत आणि त्या फरकातून शासनाचे, विक्रेत्याचे, खरेदीदाराचे व तिऱ्हाइताचे काय होते याचा हिशेब मांडावा. समांतर अर्थव्यवस्था कोठे तयार होते हे पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा त्या दोन रकान्यांतून अधिक लवकर उमगेल.