कन्या आणि भगिनी

गोव्याची कोंकणी आणि दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स या भाषांमध्ये हजारो मैलांचे अंतर आहे. तरीही दोघींच्या वाट्याला सारखीच अवहेलना आली. कोंकणीस पुष्कळ लोक मराठीची बोली समजत. आफ्रिकान्सला तर ‘स्वयंपाकघरातील भाषा’ म्हणून हिणवीत.

वस्तुतः दोघींची नाती निराळी आहेत. १६५२ साली डच लोकांनी केप येथे वसाहत केली. तेथे नाना भाषा बोलणाऱ्यांच्या सहवासात डच भाषेची रूपे सोपी होत गेली. डच भाषेत ‘मी आहे’ व ‘तो आहे’ यांतील क्रियापदे भिन्न, तर आफ्रिकान्समध्ये ती एकच. आफ्रिकान्स ही अशी डचची कन्या होय. कोंकणी मात्र मराठीची भगिनी. मराठीतील ‘मी’ला कोंकणीत ‘हांव’ म्हणतात. त्याचे मूळ संस्कृत ‘अहम्’मध्ये आहे.

पुढे आफ्रिकान्स १९२५ साली, तर कोंकणी १९८७ साली गोव्यात राजभाषा झाली. परंतु मान मिळणे निराळे आणि सक्ती करणे निराळे. १९७६ साली सोवेटोतील कृष्णवर्णीय मुलांवर आफ्रिकान्समधून शिकण्याची सक्ती झाली. त्यांनी मोर्चा काढला. पोलिसांच्या गोळीबारात अनेक मुले प्राणास मुकली.

स्वभाषेचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र दुसऱ्याच्या मुखातील भाषा हिरावून घेऊ नये.